तरी मी सांगत होते

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक दार होतं. सागवानी चौकट, पितळी कडी, आतून हिरवा तैलरंग. ते उघडलं की बाहेर काहीही नव्हतं. तिथे गॅलरी येणार होती. नकाशात ती होती, तिच्यासाठी सोडलेल्या सळया भिंतीतून हातभर बाहेर आलेल्या होत्या, आणि त्या सळयांच्या खाली बारा-तेरा फुटांवर परसातली धुणं धुवायची शिळा होती.

१९८३ साली बाबांनी कऱ्हाडच्या पलीकडच्या आमच्या गावात घर बांधायला काढलं. बाबा प्राथमिक शिक्षक. पतपेढीचं कर्ज, आईच्या पाटल्या, आजोबांनी विकलेली म्हैस असं सगळं गोळा करत घर जोत्यापासून स्लॅबपर्यंत आलं आणि गॅलरीपाशी पैसे संपले. गवंडी म्हणाला, "दार बसवून ठेवू गुरुजी. गॅलरीचं काय, पुढल्या उन्हाळ्यात करू." पुढला उन्हाळा भावाच्या आजारपणात गेला, त्याच्या पुढला आत्याच्या लग्नात. शेवटी बाबांनी त्या दाराला आतून एक आडवी फळी ठोकली. चार मोठे खिळे. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. ते खिळे त्यांनी ओठांत धरले होते, ते मला अजून दिसतात.

त्या फळीकडे नजर गेली की आई एक वाक्य म्हणायची. "तरी मी सांगत होते." काय सांगत होते, ते ती क्वचितच पुरं करायची, आणि केलं तर दर वेळी ते निराळं असायचं. आधी खालचं पुरं करा, मग वर चढा. तो गवंडी नको. सिमेंट आधीच आणून ठेवू नका, पावसाळी हवेत दगड होईल. बाबा त्यावर उत्तर देत नसत. ते उठून मागच्या दारी जात आणि पायरीवर बसत, जिच्या ओल्या सिमेंटमध्ये कुणीतरी खिळ्याने '१९८३' आणि पुढे दोन अक्षरं कोरली होती. बाबांच्या आणि आईच्या नावाची.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगायला नको. दूध उतू गेलं, गाडी चुकली, मुलगा नापास झाला, सोयरीक फसली, सगळ्यांवर ते चालतं. त्याला उत्तर नसतं. सांगणारी खरंच सांगत होती, हेच त्यातलं मोठं दुखणं असतं.

२०२० च्या पावसाळ्यात, सगळे घरात अडकलेलो असताना, एका रात्री मी लॅपटॉपवर बस्टर कीटन या अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शकाचा 'वन वीक' पाहिला. वीसएक मिनिटांचा मूकपट, सप्टेंबर १९२० मध्ये प्रदर्शित झालेला. म्हणजे मी पाहिला तेव्हा तो शंभर वर्षांचा होत होता. काय पाहतोय याची मला फारशी कल्पना नव्हती. जुना विनोदी चित्रपट, पडापडी असेल, झोप लागेपर्यंत बरा, एवढाच हिशेब. आणि मग एका जागी कीटन वरच्या मजल्यावरचं एक दार उघडून, मागे पाहत, घाईने बाहेर पाऊल टाकतो. बाहेर गॅलरी नसते.

माझा हात आपोआप पुढे गेला. तो दोन मजल्यांइतक्या उंचीवरून खाली येतो आणि जमिनीवर आपटतो. इथे शंभर वर्षं लोक हसत आले असतील. मला हसू यायला वेळ लागला, कारण ते आमचं दार होतं. त्याला फळी ठोकायची राहिली होती, इतकंच.

त्या रात्री मी तो चित्रपट तीनदा पाहिला. नंतर किती वेळा, ते मोजलेलं नाही.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतो. या चित्रपटात दोन्ही गोष्टी एका आठवड्यात होतात. कॅलेंडरचं पान दिसतं: सोमवार, ९ तारीख. नवरा-नवरी चर्चमधून बाहेर पडतात. वऱ्हाडी त्यांच्यावर तांदूळ उधळतात आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे जुने बूटही फेकतात. त्यातला एक जोड आपल्या मापाचा आहे का, हे नवरा तेवढ्यात पाहून घेतो. लग्नाच्या घंटा गोड वाजतात पण त्यांचा पडसाद आंबट असतो, अशा अर्थाची पाटी सुरुवातीलाच येऊन गेलेली असते. नवऱ्याच्या काकाने आहेर म्हणून एक जागा आणि एक घर दिलंय. घर म्हणजे खोक्यांत भरलेले सुटे भाग. खोक्यांवर आकडे आहेत, आकड्यांच्या क्रमाने जोडत जा, घर देखणं होईल, असं सूचनापत्रक सोबत. आणि नवरीने ज्याला नकार दिला होता तो हँडी हँक नावाचा गडी गुपचूप येतो आणि रंगाचा ब्रश घेऊन खोक्यांवरचे आकडे बदलून जातो.

बस. एवढ्यावर सगळं उभं आहे. नवरा सूचना तंतोतंत पाळतो. बायको त्याच्या बरोबरीने राबते. आणि दोघांच्या प्रामाणिक कष्टांतून जे घर उभं राहतं ते बघून गावाकडचा कुठलाही गवंडी डोक्याला हात लावेल. त्यात एक रेघ गुण्यात नाही, एक भिंत ओळंब्यात नाही. खिडक्या तिरक्या, छपराचा मेळ नाही, आत असायचं ते बाहेर. आणि वर ते दार.

अशी घरं अमेरिकेत तेव्हा खरोखरच मिळत होती, हे मला नंतर वाचून कळलं. सीअर्स ही बडी टपाल-विक्री कंपनी १९०८ पासून १९४० पर्यंत कॅटलॉगमधून घरं विकत होती. आपण एखादं कपाट मागवतो तसं लोक घर मागवत. कापलेली लाकडं, दारं, खिडक्या, खिळे, रंग असं सगळं रेल्वेच्या डब्यातून जवळच्या स्टेशनावर येई. लाकडांवर आकडे असत आणि बरोबर जोडणीचं पुस्तक असे. सत्तर हजारांच्या आसपास घरं अशी विकली गेली असावीत, असा अंदाज आहे. पहिलं महायुद्ध संपून सैनिक परत आले होते, लग्नं होत होती, घरं कमी होती. फोर्ड मोटर कंपनीने १९१९ मध्ये अशा तयार भागांच्या घरांविषयी 'होम मेड' नावाचा एक छोटा माहितीपट काढला. त्यात लग्न आहे, फोर्डची मोटार आहे आणि कॅलेंडरची पानं उलटत उलटत आठवड्यात उभं राहणारं घर आहे. कीटनने तोच साचा उचलला, एक एक भाग तसाच ठेवला आणि फक्त आकडे बदलले. हँकने खोक्यांचं जे केलं तेच कीटनने त्या माहितीपटाचं केलं, असं मला वाटतं.

तेव्हा तो २४ वर्षांचा होता. जन्म १८९५ चा, कॅन्ससमधल्या पिक्वा नावाच्या लहानशा गावातला. आईवडील व्हॉडव्हिल नाटकमंडळींत, म्हणजे गावोगाव फिरून नाच, गाणी, कसरती, नकला असं सगळं करणाऱ्या खेळांत. पोर चालायला लागलं तसं बापाने त्याला खेळात घेतलं. खेळ काय, तर बापाने पोराला उचलून रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचं. पकडायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असे. पडावं कसं, हे त्याला बोलायच्या वयात समजलं. आणखी एक गोष्ट तो तिथेच शिकला: पडून उठल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, चेहरा कोरा ठेवला तर जास्त. पुढे जगाने त्याला 'न हसणारा नट' म्हणून ओळखलं, त्याची मुळं तिथली आहेत.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल या त्या काळच्या लोकप्रिय विनोदी नटाच्या संचात तो चित्रपटांत आला. पहिल्यांदा कॅमेरा पाहिला तेव्हा त्याला तो आतून कसा चालतो हे समजून घ्यायचं होतं. यंत्रांची त्याला जात्या ओढ. नट झालो नसतो तर सिव्हिल इंजिनिअर झालो असतो, असं तो पुढे सांगत असे. 'वन वीक' पाहताना ते पटतं. १९२० मध्ये निर्माते जोसेफ शेंक यांनी त्याला त्याचा स्वतःचा स्टुडिओ दिला, ज्या जागेत आधी चॅप्लिनने काम केलं होतं. तिथे त्याने पहिला जो चित्रपट केला तो त्याला आवडला नाही, म्हणून बाजूला ठेवला. एडवर्ड क्लाइनच्या सोबतीने दिग्दर्शित केलेला 'वन वीक' लोकांपुढे पहिला आला. माणसाने आपलं नाव लावून जगापुढे पहिल्यांदा काय ठेवावं? त्याने एक वाकडं घर ठेवलं.

आणि ते घर खरं होतं. पडद्यावर रंगवलेलं नव्हे, हातभर उंचीची प्रतिकृती नव्हे. माणसं आत-बाहेर करू शकतील असं पूर्ण घर बांधून ते एका फिरत्या चाकावर बसवलं होतं. शुक्रवारी, १३ तारखेला, म्हणजे तिकडच्या समजुतीप्रमाणे अगदी अशुभ दिवशी, ही दोघं लोकांना घरी बोलावतात. आपल्या भाषेत वास्तुशांत. वादळ येतं. आधी छतातून पाणी गळतं आणि यजमान छत्री धरतो. मग घर स्वतःभोवती फिरू लागतं. हळूहळू, मग वेगाने, जत्रेतल्या चक्रीपाळण्यासारखं. पाहुणे खोलीभर घरंगळतात आणि एकेक करून दारांतून बाहेर फेकले जातात. बाहेर पडलेला कीटन चिखलातून धावत फिरत्या दाराचा नेम धरतो आणि पुन्हा पुन्हा फेकला जातो. कॅमेरा लांब उभा राहून सगळं एकत्र दाखवतो. कीटनचा तो आग्रहच होता: जे घडतं ते घडताना पूर्ण दिसलं पाहिजे, मध्ये तोडलं की पाहणाऱ्याचा विश्वास जातो. आपण फसवले जात नाही आहोत, हे आपल्याला पाहता पाहताच कळत असतं.

फसवणूक नाही म्हणजे दुखापत खरी. त्या दारातून पडण्याच्या प्रसंगाचं चित्रण झाल्यावर त्याचे हात आणि पाठ सुजून टम्म झाली होती. खाली खड्डा खणून त्यात पेंढा भरलेला होता म्हणून निभावलं. हे वाचल्यापासून तो प्रसंग आला की मी क्षणभर डोळे मिटते. अजूनही.

या चित्रपटातल्या एकेका गमतीबद्दल लिहायचं तर रात्र पुरणार नाही. तुळईच्या टोकाला बसून तो तीच तुळई करवतीने कापतो, अगदी शेखचिल्लीसारखा. पियानो घेऊन येतो 'जो रॉबर्ट्स' नावाचा अवाढव्य नट; तो पियानो खांद्यावरून पिशवीसारखा आणतो आणि कीटनच्या हाती देतो, आणि कीटन त्याच्याखाली गडप होतो. मग पियानो दोरीने ओढून आत घ्यायचा म्हणून कीटन दोरी छताच्या दिव्याला बांधतो, तर पियानो जागचा हलत नाही आणि छतच खाली झुकतं. एक उभी केलेली भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो खिडकीच्या मोकळ्या चौकोनात तसाच उभा राहतो. हाच प्रसंग आठ वर्षांनी त्याने 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराच्या अख्ख्या दर्शनी भिंतीसह केला, आणि लोकांना तोच आठवतो. मला हा पहिला, लहान, जास्त जवळचा वाटतो. इथे भिंत पडते ती वादळाने नव्हे. दोघांनी मिळून उभी केलेली असते म्हणून पडते.

दोघांनी. इथे मला थांबायचंय.

नवरीचं काम सिबिल सीली या नटीने केलंय. तेव्हा ती वीस वर्षांची होती. कीटनच्या पाच छोट्या चित्रपटांत ती आहे. थोड्याच वर्षांत तिने चित्रपट सोडले आणि आज तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. त्या काळच्या विनोदी चित्रपटांत नायिका बहुधा एका बाजूला उभी राहून किंचाळायची, नाहीतर बक्षिसासारखी शेवटी मिळायची. सीली तशी नाही. ती तुळया उचलते, शिडी धरते, घर ढकलते. अर्धवट उभ्या घराच्या भिंतीवर ब्रशने दोन हृदयं रंगवते. न्हाणीतल्या प्रसंगात तिच्या हातून साबण बाहेर पडतो, तो घ्यायला उठावं लागणार, तेव्हा ती सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे पाहते, आणि कुणाचा तरी हात येऊन कॅमेऱ्याची काच झाकतो. हात बाजूला होतो तेव्हा ती पुन्हा टबात असते आणि हसत असते. १९२० सालातलं ते हसू इतकं ताजं आहे की ती काल भेटून गेलीय असं वाटतं.

आणि त्या सबंध आठवड्यात ती नवऱ्याला बोल लावताना दिसत नाही. घर वाकडं होतं, छप्पर गळतं, पाहुणे चिखलात पडतात. तो तिला दोष देत नाही, ती त्याला देत नाही. मूकपट आहे, पाट्या मोजक्या, हे खरं. पण "तरी मी सांगत होते" म्हणायला शब्द लागत नाहीत. आई नुसती फळीकडे बघायची तरी बाबा उठायचे. सीलीच्या चेहऱ्यावर ते वाक्य कुठे दिसतं का, म्हणून मी एकदा सबंध चित्रपट फक्त तिच्याकडे बघत पाहिला. दिसलं नाही. दुःख दिसलं, थकवा दिसला, भीती दिसली. वाक्य नाही.

बरेच दिवस मी याचा अर्थ असा लावत होते की ती शहाणी आणि आमची आई तिखट. बाबांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि गेलेल्या माणसाची बाजू घेणं सोपं असतं. मग एकदा कीटनच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. १९२१ मध्ये त्याचं नटाली टालमेजशी लग्न झालं. काही वर्षांनी त्याने बायकोला नकळत बेव्हर्ली हिल्समध्ये एक घर बांधलं, तिला एकदम नेऊन दाखवायचं म्हणून. दाखवलं. तिला ते लहान वाटलं, नोकरांना जागा नाही म्हणाली. ते घर त्याने विकून टाकलं आणि १९२६ मध्ये इटालियन धाटणीचा प्रचंड बंगला बांधला. १९३२ मध्ये दोघं वेगळी झाली. हे त्या नवलाच्या घराबद्दल त्याने स्वतःच पुढे सांगितलेलं आहे.

ते वाचल्यावर मला आमचा नकाशा आठवला. निळ्या शाईतला, चार घड्यांचा कागद. तो आईच्या ट्रंकेत असायचा, साड्यांच्या खाली, सुरक्षित राहावा म्हणून. तो कुठे ठेवलाय हे फक्त तिला ठाऊक होतं. पण तो उघडून तिच्यापुढे कुणी कधी पसरला नव्हता. बाबा, आजोबा, गवंडी अंगणात खाटेवर बसून ठरवत आणि आई आतून चहा पाठवी. पाटल्या तिच्या गेल्या. पहाटे पाचला उठून स्लॅबवर पाणी ती मारायची, विहिरीचे पन्नास-साठ हंडे वर चढवून. सेंट्रिंगवाल्यांचा स्वयंपाक तिचा. तिने सांगितलं ते खरोखर सांगितलं होतं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून, आणि ते अंगणापर्यंत पोचलं नव्हतं. सीलीला ते वाक्य लागतच नाही, कारण प्रत्येक चुकीच्या वेळी ती तुळईच्या दुसऱ्या टोकाला असते. खोकी दोघांनी उघडली, आकडे दोघांनी वाचले, चुकली ती दोघं. तिच्यासाठी "मी सांगत होते" असा वेगळा कोपराच उरत नाही.

बाबांवर मी रागावले का? नाही. बाबांच्या पिढीला घर असंच बांधायचं असतं हे शिकवलं गेलं होतं, आणि ती चार खिळ्यांची फळी त्यांनाही आयुष्यभर सलली. कीटनच्या चेहऱ्याला लोक दगडी म्हणतात. मला त्या चेहऱ्यात काम बिघडत असतानाही काम करणारा माणूस दिसतो. ओठ मिटलेले, डोळे पुढच्या खिळ्यावर. तो चेहरा मी दहा वर्षांची असताना जवळून पाहिलेला आहे.

शनिवारी वादळ शमल्यावर दोघं मोडक्या घरासमोर बसलेली असतात तेव्हा एक माणूस येतो आणि सांगतो, तुम्ही चुकीच्या जागेवर घर बांधलंत. यांची जागा ९९ नंबरची. ही ६६. पाटी उलटी होती. ९९ नंबर रुळांच्या पलीकडे आहे. अशा वेळी माणसाने काय करावं? ही दोघं घराखाली पिंपं घालतात, घराला मोटार जोडतात आणि घर ओढायला लागतात. दोरी तुटते. मग कीटन मोटारच घराला खिळ्यांनी ठोकतो. ती थोडी पुढे जाते, आणि तिची फक्त चाकं पुढे जातात. अखेर घर नेमकं रुळांवर अडकतं.

आगगाडी येताना दिसते. दोघं ढकलतात, ओढतात, मग बाजूला होऊन डोळे झाकतात. गाडी धडधडत येते आणि शेजारच्या रुळांवरून निघून जाते. कॅमेरा अशा कोनात लावलाय की दुसरे रूळ आपल्यालाही तोवर उमगत नाहीत. दोघांच्या छातीतून श्वास सुटतो, आपल्याही. आणि त्याच क्षणी विरुद्ध बाजूने दुसरी गाडी येते आणि घराच्या चिंध्या करून जाते. खरं घर, खरी गाडी. ते पुन्हा चित्रित करता येण्यासारखं नव्हतं.

धूळ बसते. कीटन एक पाटी घेतो, 'विकणे आहे', ती ढिगाऱ्याला लावतो. मग तिचा हात धरतो. दोन पावलं जातो, थांबतो, परत येतो, आणि जोडणीचं सूचनापत्रकही त्या पाटीला लावून ठेवतो. मग दोघं हातात हात घालून निघून जातात. खोक्यांवरचे आकडे कुणीतरी बदलले होते हे त्यांना कळल्याचं चित्रपटात कुठेच दिसत नाही.

पुढच्याच वर्षी कीटनने 'द बोट' केला. त्यातही सीलीच त्याची बायको आहे, आता दोन मुलं आहेत, आणि घराच्या तळघरात बांधलेली होडी बाहेर काढताना अख्खं घर कोसळतं. मला ती याच दोघांची पुढची गोष्ट वाटते. त्यांनी पुन्हा घर बांधलं होतं म्हणजे.

या चित्रपटांची रिळं टिकली, यातही एका घराचाच वाटा आहे. बेव्हर्ली हिल्समधला तो मोठा बंगला पुढे जेम्स मेसन या नटाकडे आला, आणि तिथे कीटनच्या चित्रपटांचे डबे पडून असलेले सापडले. कीटनचं उत्तरायुष्य दारूत आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांना विनोद पुरवण्यात गेलं, आणि मग म्हातारपणी लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं. १९६६ मध्ये तो गेला. २००८ मध्ये 'वन वीक' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जपून ठेवण्यासाठी निवडला गेला.

गेल्या दिवाळीत मी आईला तो दाखवला. ती आता ऐंशीच्या घरात आहे, गावातल्या त्याच घरात राहते. भावाने काही वर्षांपूर्वी गॅलरी बांधली, लोखंडी कठड्याची. दार तेच आहे. फळी काढली तरी खिळ्यांची चार भोकं चौकटीत आहेत. टीव्हीला लॅपटॉप जोडला, आई खुर्ची पुढे ओढून बसली, चष्मा पुसून घेतला. मूकपट म्हटल्यावर वाचून दाखवावं लागेल असं मला वाटलं होतं. तिने मला गप्प केलं. "कळतंय," म्हणाली.

पियानोला ती हसली. घर फिरायला लागलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. दारातून तो पडला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त एकदा मान वळवून जिन्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते. ते वाक्य आलं नाही. दुसऱ्या आगगाडीला ती "अगं बाई" म्हणून खुर्चीतून अर्धी उठली. ती दोघं निघून गेली आणि पडदा काळा झाला तेव्हा म्हणाली, "मग रात्री झोपली कुठं गं ती?"

मी म्हटलं, माहीत नाही.

थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "ती भिंतीवर रंगवत होती ना ते, ते आधी लक्षात आलं नाही माझ्या. मागच्या पायरीवर मीपण लिहिलं होतं."

मी म्हटलं, "ते बाबांनी लिहिलंय ना? १९८३?"

"ह्यांनी कशाला? हे स्लॅबवर होते. पायरी ओली होती, खिळा पडला होता तिथं. मी लिहिलं." ती खुर्चीत नीट बसली. "परत लाव. सगळं नको. ती रंगवते तिथून लाव."